मेजर रिव्हिजन: दोन रिव्ह्यूअर, दोन उलट्या मागण्या

निळी_शाई
पेपरची पहिली फेरी झाली. एडिटरचं पत्र आलंय: मेजर रिव्हिजन (मोठे बदल करून परत पाठवा), मुदत ६० दिवस. पहिला रिव्ह्यूअर (पेपर तपासणारा तज्ज्ञ) म्हणतो, मेथड्स, म्हणजे प्रयोगपद्धतीचा भाग, फार लांबलाय, निम्मा सप्लिमेंटरीत (सोबतच्या पुरवणीत) हलवा. दुसरा म्हणतो, मेथड्स इतक्या त्रोटक आहेत की कुणाला प्रयोग पुन्हा करून बघता येणार नाही. दुसऱ्याला शिवाय एक नवा प्रयोग हवाय, त्याला किमान चार महिने लागतील. आणि पाच पेपर ‘सायट करावेत’ (संदर्भ म्हणून द्यावेत) म्हणून दिलेत, पाचही एकाच गटाचे.

उत्तर कसं लिहावं? कुठे मान्य करायचं, कुठे ठाम राहायचं? आणि या निमित्ताने पेपर पाठवण्याआधीच्या तयारीबद्दलही जाणकारांनी लिहावं. निम्म्या तक्रारी तिथेच टळल्या असत्या असं रिपोर्ट वाचताना जाणवतंय.

तळटीप
उत्तराचं पत्र रिव्ह्यूअरला उद्देशून लिहितात, पण निर्णय घेतो एडिटर. त्याच्या हातात एकाच वेळी बरेच पेपर असतात. तुमचं पत्र वाचताना त्याला मूळ पेपर, जुना रिपोर्ट आणि नवी प्रत अशा तीन फाइली उघडाव्या लागल्या तर तो कंटाळून सगळं परत रिव्ह्यूअरकडे पाठवतो आणि दोन महिने वाढतात. पत्र एवढं स्वयंपूर्ण हवं की फक्त तेच वाचून काय बदललं ते कळावं.

पद्धत अशी. दोन्ही रिपोर्ट शब्द न बदलता एका फाइलमध्ये उतरवा. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या: १.१, १.२, २.१ असे. एका परिच्छेदात तीन प्रश्न असतील तर ते तोडून तीन मुद्दे करा. नेमका मधला प्रश्न उत्तराविना राहतो आणि दुसऱ्या फेरीत ‘माझ्या शंकेकडे दुर्लक्ष झालं’ असा शेरा येतो. मग प्रत्येक मुद्द्याखाली आधी थेट उत्तर आणि त्याखाली बदललेला मजकूर अवतरणात जसाच्या तसा. ‘योग्य ते बदल केले आहेत’ हे वाक्य पत्रात कुठेच नको.

एक नमुना, मुद्दा २.३ (पॅसेज म्हणजे पेशी नव्या भांड्यात वाढवायला घालण्याची फेरी):

रिव्ह्यूअर: ‘पेशी किती पॅसेजच्या होत्या ते दिलेलं नाही.’
उत्तर: ‘ही माहिती राहिली होती. सर्व प्रयोग पॅसेज ५ ते १२ दरम्यानच्या पेशींवर केले. मेथड्समध्ये आता असं वाक्य आहे: “...” (पान ६, ओळी १४१ ते १४३).’

ओळींचे क्रमांक सगळ्यात शेवटी भरा. ट्रॅक चेंजेस दिसत असताना ओळी सरकतात, त्यामुळे स्वच्छ प्रतीतल्या आणि खुणांच्या प्रतीतल्या ओळी जुळत नाहीत. क्रमांक कोणत्या प्रतीतले आहेत ते पत्राच्या पहिल्या ओळीत सांगा.

गवताळ
पाच पेपरांबद्दल: पाचही वाचा. जे खरोखर तुमच्या युक्तिवादाला लागू पडतात ते सायट करा. बाकीच्यांबद्दल कारण द्या: ‘हा पेपर वेगळ्या ऊतीवर आहे, आमच्या निष्कर्षाशी थेट संबंध नाही.’ आणि रिव्हिजन अपलोड करताना एडिटरसाठी खासगी टिपणाचा रकाना असतो, तिथे दोन ओळी लिहा की सुचवलेले सगळे संदर्भ एकाच गटाचे आहेत. आरोप नको, फक्त वस्तुस्थिती. कारण न देता सायटेशन लादणं हा गैरप्रकार आहे हे एडिटरला माहीत असतं, पण पन्नास रिपोर्टांच्या गर्दीत त्याच्या लक्षात आलेलं नसतं.

दशांश
नव्या प्रयोगाचं बघू. स्वतःला एकच प्रश्न विचारा: या प्रयोगाचा निकाल उलटा आला तर पेपरचा मुख्य निष्कर्ष पडतो का? पडत असेल तर प्रयोग करावाच लागेल, पळवाट नाही. पडत नसेल तर तो पुढच्या पेपरचा विषय आहे आणि तसं सकारण म्हणता येतं.

बहुतेक वेळा अशी मागणी येते कारण पेपरातला दावा डेटाच्या पुढे गेलेला असतो. ‘हे प्रथिन वाढ थांबवतं’ असं लिहिलंय आणि हातात आहे फक्त प्रथिनाचं प्रमाण आणि वाढीचा वेग यांच्यातला परस्परसंबंध. रिव्ह्यूअर मग म्हणणारच की प्रथिन काढून टाकून दाखवा. दावा ‘प्रमाण जास्त तिथे वाढ कमी आढळते’ इतका आवरला की मागणीचा पायाच जातो. पण मग शीर्षक, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि डिस्कशनचा शेवटचा परिच्छेद, तिन्हीकडे दावा आवरायला हवा. फक्त डिस्कशनमध्ये ‘ही या अभ्यासाची मर्यादा आहे’ असं चिकटवून शीर्षक तसंच ठेवलं तर दुसऱ्या फेरीत पकडले जाता.

सोनकी
दशांश, दावा आवरणं हा मार्ग बरोबर आहे, पण तो फार सहज सुचवू नये असं माझं मत आहे. दावा आवरल्यावर पेपर त्या जर्नलच्या पातळीचा उरतो का हेही एडिटर बघतो. ‘आता यात नवं काय?’ म्हणून नकार येऊ शकतो. प्रयोग करण्याजोगा असेल तर मुदतवाढ मागा. बहुतेक एडिटर देतात, फक्त मुदत संपायच्या आत मागायला हवी. संपल्यावर कित्येक सिस्टिममध्ये रिव्हिजनची लिंक बंद होते आणि पेपर नवा म्हणून आत जातो: नवा क्रमांक, कदाचित नवे रिव्ह्यूअर.

मेल चार ओळींचा पुरे. विषयात मॅन्युस्क्रिप्ट क्रमांक, कोणत्या मुद्द्यासाठी वेळ हवा, कोणता प्रयोग, कोणत्या तारखेपर्यंत. ‘थोडा वेळ द्या’ असं मोघम नको, तारीख हवी.

आणि नकार द्यायचाच असेल तर कारण शास्त्रीय द्या. ‘निधी संपला’, ‘विद्यार्थी सोडून गेला’ ही खरी कारणं असतील, पण त्यांनी निष्कर्ष बळकट होत नाही. हाताशी असलेल्या डेटाचं दुसऱ्या अंगाने विश्लेषण करून शंकेचं अर्धं उत्तर देता येतं का ते बघा. निव्वळ नकारापेक्षा ते कधीही चांगलं.

दशांश
सोनकी, पातळीचा मुद्दा मान्य. दावा आवरायचा असेल तर त्या जर्नलचे अलीकडचे पाच-सहा पेपर बघून ठरवावं.

मोजपट्टी
निळी_शाई, आधीच्या तयारीबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. आकडेवारीवरचे आक्षेप सगळ्यात जास्त येतात आणि ते सगळ्यात सहज टाळता येण्यासारखे असतात.

‘एन’, म्हणजे नमुन्यांची संख्या, नेमकी कशाची ते प्रत्येक फिगरच्या लेजंडमध्ये (आकृतीखालच्या मजकुरात) लिहा. तीन उंदरांच्या प्रत्येकी दहा पेशी मोजल्या तर एन ३० होत नाही. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. तीस धरून टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) केली की पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) फसवी लहान येते. एकतर प्रत्येक उंदराची सरासरी काढून एन ३ धरा, किंवा उंदीर हा रँडम इफेक्ट घेऊन मिक्स्ड मॉडेल (उंदरा-उंदरांतला फरक वेगळा धरणारं विश्लेषण) वापरा. जाणकार रिव्ह्यूअर हे पहिल्या वाचनात पकडतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

एरर बार (आलेखातल्या कमी-जास्त दाखवणाऱ्या रेघा) स्टँडर्ड डेव्हिएशनचे (आकडे किती विखुरलेत) की स्टँडर्ड एररचे (सरासरी किती नेमकी आहे), तेही सांगा. स्टँडर्ड एरर म्हणजे डेव्हिएशन भागिले एनचं वर्गमूळ. एन ९ असेल तर बार एक तृतीयांश होतो आणि आलेख उगाच नीटस दिसतो. कमी नमुने असतील तर बार-आलेखाऐवजी प्रत्येक ठिपका दाखवा.

सॉफ्टवेअर ‘०.०००’ दाखवतं म्हणून तसं छापू नका, पी शून्य कधीच नसतो. ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिहा, बाकी ठिकाणी नेमका आकडा द्या. ‘एन.एस.’ (नॉट सिग्निफिकंट) लिहून सोडू नका.

जनुकांच्या याद्या एक्सेलमधून जात असतील तर रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ ही नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकतं. हा घोळ इतका पसरला की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांत या नावांची नोंद घेतली, ती आता ‘सेप्टिन१’, ‘मार्चएफ१’ अशी आहेत. जुन्या फाइलींत मात्र अजूनही १ सप्टेंबर सापडतो.

आता फिगर. फोटोला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), रेषांच्या आकृतीला १०००, दोन्ही एकत्र असतील तर ५०० ते ६०० असा सर्वसाधारण नियम. पण डीपीआयला छापील रुंदीशिवाय अर्थ नाही. एका कॉलमची रुंदी साधारण ९० मिमी धरली तर ३०० डीपीआयला १०६३ पिक्सेल लागतात, १००० डीपीआयला ३५४३. तुमच्याकडे ६०० पिक्सेलचा फोटो असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ‘३००’ टाइप केल्याने तो सुधारत नाही, नुसता फुगतो. मूळ उपकरणातूनच मोठा काढायला हवा. अक्षरं छापील आकारात ६-७ पॉइंटच्या खाली नकोत. लाल-हिरव्याची जोडी टाळा, रंगांध वाचकांना ती वेगळी ओळखू येत नाही; मॅजेंटा-हिरवी घ्या.

उंबरठा
मोजपट्टींच्या यादीत एक भर: प्रतिमांची शुद्धता. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलायचा तर संपूर्ण प्रतिमेवर सारखा बदला, एका बँडपुरता (पट्ट्यापुरता) नाही. ब्लॉटमधल्या (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या प्रतिमेतल्या) लेन, म्हणजे उभ्या रांगा, मधून कापून जोडल्या असतील तर जोडावर उभी रेघ दाखवा आणि लेजंडमध्ये लिहा. कच्चे, न कापलेले ब्लॉट पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये ठेवा, बरीच जर्नलं ते मागतात. २०१६ च्या एका पाहणीत ४० जर्नलांतले २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले गेले आणि ३.८ टक्के पेपरांत संशयास्पद पुनरावृत्त प्रतिमा आढळल्या. त्यातल्या काही निव्वळ फाइलींच्या गोंधळाने एकच फोटो दोनदा चिकटवल्यामुळे झालेल्या असू शकतात. फाइलीच्या नावात तारीख, नमुना आणि सूक्ष्मदर्शकाची वर्धनक्षमता लिहिली तर हा गोंधळ बराच टळतो.

चाफा
मध्येच विचारतो. माझ्या पेपरचं स्टेटस तीन आठवडे ‘रिक्वायर्ड रिव्ह्यूज कम्प्लीटेड’ आहे. म्हणजे नकार का?

पाणकावळा
नाही. जर्नलला हवे तेवढे, बहुधा दोन, रिपोर्ट आले एवढाच त्याचा अर्थ. एडिटर कदाचित तिसऱ्याची वाट बघत असेल, किंवा दोघांत टोकाचे मतभेद असल्यामुळे आणखी कुणाला बोलावत असेल. तसं झालं तर स्टेटस परत ‘अंडर रिव्ह्यू’ होतं, त्यानेही घाबरू नका. ‘विथ एडिटर’वर फार दिवस अडकलं असेल तर बहुधा रिव्ह्यूअर मिळत नाहीयेत. पुरेसे होकार येईपर्यंत कितीतरी आमंत्रणं पाठवावी लागतात.

विचारायचं केव्हा? जर्नलच्या साइटवर पहिल्या निर्णयाचा सरासरी काळ दिलेला असतो. तो उलटून महिना झाला की संपादकीय कार्यालयाला एक नम्र मेल. त्याआधी नको.

शून्यान्त
रिव्ह्यूअर मिळत नाहीत यावरून: सुचवलेल्या रिव्ह्यूअरांचा रकाना लोक घाईत भरतात. तो नीट भरला तर खरोखर वेळ वाचतो. विषयातली सगळ्यात मोठी नावं टाकू नका, ते नकार देतात. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याच तंत्रावर पेपर लिहिणारे मधल्या फळीतले संशोधक शोधा. गेल्या तीन ते पाच वर्षांतले सहलेखक नकोत, आपल्याच संस्थेतले नकोत. पत्ता संस्थेच्या मेलचा द्या, फुकटच्या मेल-सेवेचा नको. हा शेवटचा नियम उगाच आलेला नाही. २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’ने एकदम ६० पेपर मागे घेतले, कारण खोटी ओळख आणि बनावट मेल पत्ते वापरून रिव्ह्यू ‘मिळवले’ गेले होते. तेव्हापासून एडिटर पत्ते तपासून बघतात.

कव्हर लेटर एका पानाचं. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट त्यात परत चिकटवू नका. प्रश्न कोणता, सापडलं काय आणि हे याच जर्नलच्या वाचकाला का हवं, एवढं तीन छोट्या परिच्छेदांत. मग घोषणा: पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही, सर्व लेखकांनी शेवटची प्रत वाचून मान्य केली आहे. रिव्ह्यूला न पाठवताच परत येणारे पेपर बहुधा जर्नलच्या कक्षेबाहेरचे असतात, आणि हे जर्नलचे ताजे अंक चाळले तरी कळतं.

लेखकांची यादी आणि क्रम लिहायला बसण्यापूर्वीच ठरवा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा चिकित्सेत सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. नुसता निधी आणणं किंवा विभागप्रमुख असणं यात बसत नाही, त्यांचं नाव आभारात. रिव्हिजनच्या मध्यावर लेखक वाढवायचा झाला तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांच्या लेखी संमतीचा फॉर्म लागतो आणि एडिटर कारण विचारतो.

पाणकावळा
सुचवण्याबरोबरच ‘यांना पाठवू नका’ हाही रकाना असतो. एक-दोन नावं, खरी स्पर्धा किंवा वाद असेल तरच. सहा नावं टाकली तर एडिटरला वाटतं, विषयातलं कुणीच या कामावर समाधानी नाही.

चाफा
आभार! आणखी एक: रिव्ह्यूअरने चूक दाखवली आणि लेखकाला ती पटलीच नाही, तर?

तळटीप
तर पुरावा द्या, स्वर थंड ठेवा. आणि पहिल्या रागात काही पाठवू नका, रिपोर्ट वाचून दोन दिवस बाजूला ठेवा. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ला गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असं मांडणारा पेपर पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो रेफरीकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडे, दिला, रेफरीने चूक दाखवली. आइन्स्टाइन चिडले, परवानगी न घेता पेपर तज्ज्ञाला दाखवलाच का, म्हणून पेपर मागे घेतला. पण १९३७ मध्ये तो ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’मध्ये आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. रेफरी होते हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन, आणि त्यांनीच आइन्स्टाइनचे सहायक इन्फेल्ड यांच्यामार्फत ती चूक वेगळ्या वाटेने पोचवली होती. सांगायचा मुद्दा, रिव्ह्यूअरची भाषा कितीही खटकली तरी त्याने बोट ठेवलेली जागा आधी तपासावी. गैरसमज त्याचा असेल तरी तो वाक्यरचनेमुळे झाला असण्याची शक्यता मोठी, आणि तुमचा पुढचा वाचकही तिथेच अडखळेल. म्हणून ‘रिव्ह्यूअर चुकले’ म्हणतानाही मजकुरात एखादं वाक्य सुधाराच.

आणि हे पत्र फक्त तिघंच वाचतील असं धरू नका. ‘एम्बो जर्नल’ २००९ पासून रिव्ह्यू आणि उत्तरं पेपरसोबत छापतं, आता अशी बरीच जर्नलं आहेत.

सोनकी
भाषा सुधारायला एआय वापरणाऱ्यांसाठी: जर्नलचा नियम आधी वाचा, वापर केला असेल तर नोंदवा. एआय लेखक म्हणून चालत नाही, कारण जबाबदारी घेऊ शकत नाही. उलट बाजूने, तुम्ही स्वतः रिव्ह्यूअर असाल तर दुसऱ्याचा अप्रकाशित पेपर कुठल्याही चॅटबॉटमध्ये चिकटवणं हा गोपनीयतेचा भंग आहे.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. नव्या प्रयोगासाठी मुदतवाढ मागायचं ठरवतोय. पण मूळ गाठ तशीच आहे. मेथड्स लांब की त्रोटक?

दशांश
आधी एडिटरचं पत्र परत वाचा. पुष्कळदा त्यात एक वाक्य असतं, ‘विशेषतः दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या मुद्द्यांकडे लक्ष द्यावं’. तसं असेल तर दिशा मिळालीच. नसेल तर मेल करून विचारता येतं, पण ते निष्कर्षावरच्या मतभेदासाठी राखून ठेवा. मेथड्सच्या लांबीसाठी एडिटरला मध्ये आणायची गरज नाही.

तळटीप
माझ्या मते दोघंही एकच सांगताहेत. पहिल्याला वाचताना धागा सापडत नाहीये, दुसऱ्याला प्रयोग करायला आकडे सापडत नाहीयेत. रोजची, सर्वांना ठाऊक असलेली पद्धत तुम्ही पानभर लिहिली असणार आणि तुमच्या खास पायरीला दीड ओळ दिली असणार.

मुख्य पेपरात प्रत्येक पद्धतीचा हेतू, नमुना, नियंत्रण, एन आणि आकडेमोड ठेवा. पायरीवार कृती सप्लिमेंटरीत: प्रतिपिंडाचा कॅटलॉग क्रमांक आणि प्रमाण, उदाहरणार्थ १:१०००, किती तास, किती अंशांवर, सेंट्रिफ्यूजचा वेग ‘जी’मध्ये (गुरुत्वाच्या किती पट). आरपीएम (मिनिटाला फेरे) देऊ नका, रोटर (नळ्या फिरवणारा भाग) बदलला की बळ बदलतं. कोड आणि कच्चा डेटा झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवून डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) द्या. आता दोघांना एकच उत्तर: मुद्दा १.४ खाली लिहा, ‘मुख्य मेथड्स ११०० शब्दांवरून ७०० वर आणल्या.’ मुद्दा २.२ खाली, ‘संपूर्ण कृती आता सप्लिमेंटरी मेथड्समध्ये आहे, दहा पायऱ्या.’ आणि दोन्हीकडे एकमेकांचा उल्लेख करा: ‘१.४ आणि २.२ यांचा एकत्र विचार करून हा बदल केला.’ प्रत्येक रिव्ह्यूअरला सहसा दुसऱ्याचा रिपोर्टही दिसतो, त्यामुळे तुमची अडचण त्यांना आपोआप कळते. आकडे अर्थात तुमचे घाला.

मोजपट्टी
अपलोड केल्यावर सिस्टिम सगळं जोडून एक पीडीएफ बनवते. ‘अप्रूव्ह’ दाबण्याआधी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. फाँट बदलल्याने ‘म्यू’चा ‘एम’ होतो आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, उणे चिन्ह गायब होतं, जुनी फिगर २ नव्या लेजंडखाली बसते. लाटेक (मजकूर-जुळणीची प्रणाली) वापरणाऱ्यांनी संदर्भांची बीबीएल फाइल जोडली नसेल तर संदर्भांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. रिव्ह्यूअरकडे जाते ती हीच पीडीएफ.